वाचकांचे प्रश्न : छिंगमिंग, चीनमधील पूर्वजांचा सण

प्रश्न : चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांच्या कबरी साफ करण्याचा सण असतो, असे वाचनात आले. तो आपल्या पितृपक्षासारखाच असतो का? त्या सुमारास चूल न पेटवण्याची प्रथा कशी पडली?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या सणाला छिंगमिंग म्हणतात, ‘छिंग’ म्हणजे स्वच्छ आणि ‘मिंग’ म्हणजे उजळ. पितृपक्ष तिथीवर चालतो, छिंगमिंग मात्र सूर्यावर. वसंतसंपातानंतर साधारण पंधरा दिवसांनी, ४ ते ६ एप्रिलच्या दरम्यान तो येतो, त्यामुळे संक्रांतीप्रमाणेच त्याची तारीख फारशी हलत नाही.

पण खरा फरक वेगळाच आहे. आपण पितरांना घरी बोलावून पान वाढतो आणि कावळ्याची वाट पाहतो. तिथे घरची माणसे स्वतः पूर्वजांच्या भेटीला जातात. वर्षभरात माजलेले गवत उपटायचे, खचलेली माती सारखी करायची, दगडावर कोरलेल्या नावाची पुसट झालेली अक्षरे बारीक कुंचल्याने पुन्हा रंगवायची, आणि मग उदबत्ती लावून फळे, शिजवलेले अन्न व मद्याचे पेले पुढे ठेवून वाकून नमस्कार करायचा, असा हा क्रम असतो. परलोकात खर्चायला म्हणून कागदी नोटा जाळतात. आता अनेक शहरांत आगीच्या आणि धुराच्या भीतीने त्याऐवजी फुले वाहण्याचा आग्रह धरला जातो. नावाची अक्षरे रंगवण्याचे ते काम मला या सगळ्या विधींत सर्वांत हृद्य वाटते, कारण ज्यांनी पणजोबांना कधी पाहिलेले नाही, अशा मुलांनाही त्या वेळी ते नाव अक्षर-अक्षर वाचावे लागते.

चूल न पेटवण्याची प्रथा मुळात हान्शी, म्हणजे ‘थंड अन्न’ या लगतच्या सणाची. आख्यायिका अशी, की जिन राज्याचा राजपुत्र छोंग-अर परागंदा असताना उपासमार झाली, तेव्हा जिए झितुई या सेवकाने स्वतःच्या मांडीचे मांस शिजवून त्याला खाऊ घातले. पुढे राजपुत्र गादीवर आला. झितुई मात्र काहीही न मागता आईला घेऊन डोंगरात राहायला गेला. त्याला बाहेर काढण्यासाठी राजाने रान पेटवले आणि त्या आगीत मायलेक दोघेही गेले. त्या पश्चात्तापातून विस्तवबंदी सुरू झाली, असे सांगतात. इ. स. ७३२ मध्ये थांग सम्राट श्वानझोंगने हान्शीच्या दिवशी कबरींना भेट देण्यास राजमान्यता दिली, आणि कालांतराने हे दोन्ही सण एकमेकांत मिसळले.

यांगत्झे नदीच्या दक्षिणेकडे या दिवसांत छिंगथ्वान करतात. चिकट तांदळाच्या पिठात कोवळ्या रानपाल्याचा हिरवा रस मळून, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण भरून हे गोळे वाफवतात. हा पाला बहुधा जोतिबाला चैत्रात वाहतात त्या दवण्याच्या जवळच्या नात्यातला असतो. हे गोळे गारच खातात. कबरीवरचे काम आटोपले की मंडळी हिरव्या माळावर फिरतात आणि मुले पतंग उडवतात. पतंग उंच गेला की मुद्दाम दोर कापून तो सोडून देण्याची जुनी रीत आहे, म्हणजे वर्षाची इडापिडा त्याच्याबरोबर जाते.