चित्रांची सवय लागली तर बोलणं राहून जाईल का?

“मॅडम, या चित्रांची सवय लागली तर त्याचं बोलणं राहूनच जाईल ना?” जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठूनही आईबाप येवोत, बोलता न येणाऱ्या लेकराला बोट ठेवून मनातलं सांगण्यासाठी चित्रांचा तक्ता द्यायचं म्हटलं की हा प्रश्न ठरलेला.

अमळनेरकडच्या एका आईने तो विचारला, तेव्हा तिचा आठ वर्षांचा मुलगा मांडीवर होता. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या इजेने हालचालींवर ताबा न राहिल्यामुळे, जीभ-ओठ त्याच्या ताब्यात नव्हते. समजत मात्र सगळं होतं.

नाही राहून जात. २००६ साली याविषयीच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पुरावा भक्कम असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं त्यात कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. हे सांगितल्यावर तिने तक्ता नेला.

तीन आठवड्यांनी हिरमुसून परत आली. “बोटच लावत नाही. रोज विचारते, पाणी कुठंय दाखव, केळं कुठंय दाखव. तोंड फिरवतो.”

“ताई, तुम्ही स्वतः त्यावर किती बोललात?”

“मी? मला तर बोलता येतं!”

गाडं बहुतेक घरांत इथेच अडतं. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर नुसतं बोलत राहतो, त्याची परीक्षा घेत नाही. तक्त्याचंही तसंच. बोलता बोलता आपणच ‘चल’, ‘दे’, ‘झालं’ यांवर बोट ठेवायचं आणि मग थांबायचं, मनात दहा आकडे मोजत. त्याचा हात धरून चित्रावर टेकवायचा नाही. ते बोलणं आपलं होतं, त्याचं नाही. मोबाइलवर मराठीत चालणारी अ‍ॅपही आहेत, मुंबईच्या आयआयटीतलं ‘जेलो’ त्यातलंच. पण कागदी तक्ता जवळ असावाच, त्याला चार्जिंग लागत नाही.

मी घरी गेले तेव्हा आजी वरणात बट्टी कुस्करून भरवत होती. तक्ता बघून म्हणाली, “हाई आपली बोली नही.” खरं होतं. घर अहिराणी बोलणारं आणि तक्ता पुस्तकी मराठीत. मी तिथेच पेनने ‘आणखी’ खोडून ‘आखो’ लिहिलं.

चौथ्या घासाला मुलाची मूठ तक्त्यावर घसरत ‘नको’वर आली. आजी म्हणाली, “दोनच घास रे बापा.” मी तिच्या मनगटावर हात ठेवला. “आजी, तो बोलला.” चमचा हवेतच राहिला. मग तिने वाटी खाली ठेवली. पोराने वाटीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि असा खदखदून हसला की आई चुलीपासून उठून आली.

इतक्या वर्षांच्या कामात मला उमगलेलं हेच: आपल्या ‘नको’ने समोरचा थांबतो हे कळलं, की लेकरू बोलायला लागतं. ‘हो’ म्हणवून घ्यायला आपण सगळेच टपलेले असतो. पुढचे पंधरा दिवस तो आंघोळ, स्वेटर, शाळा, सगळ्याला ‘नको’ म्हणाला. आई घाबरली. मी म्हटलं, आठ वर्षांचं साचलंय, निघू द्या. औषधासारखं टाळता येत नसेल तिथे “ऐकलं तुझं, पण हे घ्यावंच लागतं” असं सरळ सांगा.

शाळेत तक्ता दप्तरात ठेवायला लावला, तेव्हा तीच आई बाईंशी बोलायला गेली. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येत अशी साधनंही आहेत, हे तिला मी लिहून दिलं होतं.

श्रावणात पुन्हा गेले. आजी कानबाई देवीचं गाणं म्हणत होती. गाणं संपलं. त्याची मूठ हळूहळू सरकत ‘आखो’वर गेली, आणि सोबत घशातून एक लांब “आ…” आला. आजीने पदर सावरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.