फी किती, आणि शाळा कशी?

जानेवारी उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: पहिलीचा प्रवेश. यंदाची चार पत्रं मुंबईची आहेत.

मुलीसाठी खासगी शाळेची फी ६० हजार आहे. पालिकेची सीबीएसई शाळा फुकट आहे, पण जे फुकट मिळतं ते चांगलं कसं असेल? (मालाड)

फुकट नाही हो, ती तुमच्याच करातून चालते! पालिकेने २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनम नगरात सीबीएसई शाळा सुरू केली. आता अशा शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त येतात आणि प्रवेश सोडतीने होतात. पालिका मुलांना दप्तर, गणवेश, बूट, वह्या अशा २७ वस्तूही देते.

राहिली ती ६० हजारांची गोष्ट. तुम्हीच लिहिलंय की व्हॅनचे महिना दीड हजार आणि शिकवणीचे बाराशे जातील. दहा महिन्यांचे हे २७ हजार झाले. पुस्तकं-गणवेशाचे आठ हजार धरा, म्हणजे बेरीज ९५ हजारांवर जाते. आणि शिकवणी पहिलीपासूनच लागणार असेल, तर शाळा नेमकं काय शिकवते, हे आधी विचारा.

खासगी शाळांचे निकाल चांगले असतात, मग तिथलं शिक्षणही चांगलंच असणार ना? (परळ)

निकालात शाळेइतकंच घरही दिसतं. आई-वडील शिकलेले, घरात पुस्तकं, वर शिकवणी. अशी मुलं कुठेही बसवली तरी बरे गुण आणतात. आंध्र प्रदेशात २००८ पासून काही वर्षं एक प्रयोग झाला. सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेत जायला पैसे दिले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात ती मुलं सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे नव्हती. हिंदीत मात्र होती, कारण सरकारी शाळांत त्या वयात हिंदी शिकवतच नव्हते. आता, हा प्रयोग खेड्यांतला आणि स्वस्त खासगी शाळांचा. मुंबईतल्या दोन लाख फीच्या शाळेला तो लावू नका. पण गल्लीतल्या 'इंग्लिश स्कूल'ला जरूर लावा.

पालिकेच्या शाळांचंही मी कौतुकच करणार नाही. तिथले शिक्षक पात्रता परीक्षा देऊन आलेले, वेतन आयोगाचा पगार घेणारे. पण निवडणूक आली की बिचारे मतदार याद्यांच्या कामाला. स्वस्त खासगी शाळेत पगार तुटपुंजा, म्हणून बाई दिवाळीनंतर दिसतीलच याची खात्री नाही. तेव्हा पाटी वाचून ठरवू नका. तिसरीच्या पाच मुलांच्या वह्या मागा. चुका तपासल्या आहेत, की नुसत्या बरोबरच्या खुणा? वर्गात किती मुलं? कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. या वर्षी वर्गशिक्षक किती वेळा बदलले? वह्या दाखवायला काचकूच झाली, तर तेच उत्तर समजा.

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळेत राखून ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांत नंबर लागला तर पुढची काळजी मिटली ना? (गोवंडी)

आठवीपर्यंत. नववीपासून पूर्ण फी भरावी लागते, आणि हे बहुतेक पालकांना आठवीच्या निकालानंतर कळतं. आजच त्या शाळेची नववीची फी विचारून ठेवा. पालिकेची शाळा निवडणाऱ्यांनीही ती दहावीपर्यंत आहे का ते बघावं, सगळ्याच नाहीत. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट, हा २०२४ चा बदल उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. त्यामुळे शेजारी पालिकेची शाळा आहे म्हणून कुणी अर्ज अडवत असेल तर ऐकू नका.

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा आणि 'इमारत निधी' मागतात. द्यावा का? (दहिसर)

देऊ नका. दोन्ही बेकायदा आहेत. आरटीईच्या कलम १३ प्रमाणे मुलाची चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, आणि देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. मागणी लेखी द्या म्हणा. लेखी देणारी शाळा मी अजून पाहिलेली नाही.