खुंटीवाला बेंडेलो

प्रश्न : गोल्फच्या जुन्या मैदान-रचनाकारांत हॅरी कोल्टचे नाव आदराने घेतात, टॉम बेंडेलोची मात्र टिंगल होते. दोघांत खरेच एवढे अंतर होते का?

उत्तर : होते, पण निम्मे गिऱ्हाइकामुळे. ॲबर्डीनचा बेंडेलो न्यू यॉर्कला एका वृत्तपत्रात कंपोझिटर होता. क्रीडासाहित्य विकणाऱ्या स्पॉल्डिंग कंपनीने त्याला मैदाने आखायला ठेवले. मैदाने वाढली की काठ्या-चेंडू खपणार, हा सरळ हिशेब. साहजिकच त्याच्या वाट्याला आली ती सार्वजनिक उद्याने आणि नवे, हात आखडते असलेले क्लब.

तेव्हाची रीत अशी : पहिला फटका मारायच्या जागेपाशी (टी) एक खुंटी, शंभरेक यार्डांवर आडव्या बंकरची, म्हणजे वाळूच्या खड्ड्याची, दुसरी, पुढे तशीच तिसरी, आणि बरा सपाट तुकडा दिसेल तिथे ग्रीन, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीची बारीक हिरवळ. दिवसात काम आटोपायचे. ‘रविवार दुपारच्या अठरा खुंट्या’ हा टोमणा त्यातूनच आला. समुद्रकाठच्या वाळूत पाणी आपोआप मुरते, तिथे हे खपून जाई. चिकणमातीत ग्रीन सखल जागी पडले, की पाणी तुंबायचे, गवत कुजायचे. चर खणायचे काम क्लबचे, पण बोल लागे आखणाऱ्याला. स्कॉटलंडचा नामांकित खेळाडू ओल्ड टॉम मॉरिसही झटपटच आखायचा, दिवसाला 1 पौंड आणि प्रवासखर्च घेऊन. पण चार वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकलेल्या माणसाला कोण हसणार?

कोल्ट केंब्रिजचा, पेशाने सॉलिसिटर, 1901 पासून लंडनजवळच्या सनिंगडेल क्लबचा सचिव. गिऱ्हाईक त्याच्याच वर्तुळातले. इंग्लंडातच सेंट जॉर्जेस हिलला तर मैदानाभोवतीचे बंगल्यांचे प्लॉटच विकायचे होते. तिथे झाडी तोडायला, पुन्हा येऊन पाहायला पैसा होता. अमेरिकेत सी. बी. मॅकडोनाल्डने मानधनच घेतले नाही; नॅशनल गोल्फ लिंक्स या मैदानासाठी 70 जणांकडून प्रत्येकी 1,000 डॉलर उभे केले. मोजणी केली ती सेथ रेनॉर या इंजिनिअरने.

बेंडेलोलाही पुढे सधन क्लब मिळाला. शिकागोजवळच्या मदायना क्लबच्या क्रमांक 3 च्या मैदानावर (नंतर ते बरेच बदलले) यूएस ओपन स्पर्धा झाली.

प्रश्न : अमेरिकेतला दुसरा रचनाकार डोनाल्ड रॉस याची चारशेच्या आसपास मैदाने सांगतात. सगळी त्याने स्वतः पाहिली होती?

उत्तर : नाही. तो नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्ट या विश्रामस्थळी असे. हिवाळ्यात उत्तरेकडचे धनिक तिथे उतरत, कामे तिथेच ठरत. कित्येक आराखडे त्याने उंचसखलाच्या नकाशावरून काढले, जागेवर सहायक. एखाद्या क्लबने रॉसचे नाव सांगितले, तर दप्तरात प्रत्येक ग्रीनचे वेगळे रेखाटन आणि भेटीच्या तारखा आहेत का, ते आधी विचारावे.