मनात पाल चुकचुकते तेव्हा

"मॅडम, मला एकच सांगा. हे जे आतून वाटत राहतं ना, ते पुढे खरं होणार असतं म्हणून वाटतं का?"

उपचारासाठी माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत, पर्स बाजूला ठेवायच्या आधी हे विचारलं. वय एक्केचाळीस. हिशेब विभागात नोकरी, नवरा, शाळेत जाणारा मुलगा, दुसऱ्या गावी एकटी राहणारी आई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.) वरवर पाहता सगळं ठाकठीक. पण पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची ती पोटात गोळा घेऊनच. काय होणार ते ठाऊक नाही, पण काहीतरी वाईट होणार. घरचे म्हणायचे, "विचारच करू नकोस." ते जमत असतं तर त्या माझ्याकडे कशाला आल्या असत्या?

'हा संकेत तर नाही ना?' हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. आपली भाषाही त्याला हातभार लावते. मनात पाल चुकचुकली, असं आपण म्हणतो. जणू आत कुणीतरी उद्याची बातमी घेऊन बसलंय. काही घडलं की "तरी मला वाटलंच होतं." पाल दिवसभर चुकचुकली आणि काहीच घडलं नाही, तो दिवस कोण लक्षात ठेवतं?

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड वाढलेलं असलं तरी धडधड, घाम, बेचैनी अशीच दिसते. तपासण्या चांगल्या आल्या. पहाटेच्या वेळेचंही फार गूढ नाही. जाग येण्याच्या सुमारास शरीरात कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक वाढत जातं, ते सगळ्यांचंच वाढतं. काळजीने पोखरलेल्या माणसाला ती शरीराची हालचाल धोक्यासारखी जाणवते, आणि मग मन त्या धोक्याला नाव शोधायला निघतं.

मी म्हटलं, कालची सकाळ मला मिनिटामिनिटाने सांगा.

सकाळी उठायची वेळ झाली की पाय जमिनीला लागायच्या आत फोन हातात. व्हॉट्सॲपवर आईचं 'लास्ट सीन'. पाच पन्नास दिसलं, की आई उठली, म्हणजे आहे. एक सुस्कारा. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मुलगा शाळेत पोचला का, नवरा ऑफिसात पोचला का. नवऱ्याने फोन उचलला नाही तर लागोपाठ चार. दुपारी जरा उसंत मिळाली की इंटरनेटवर आजारांची लक्षणं. आपण दिवसातून किती वेळा 'सगळं ठीक आहे ना' हे पाहतो, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. मोजलं तेव्हा आकडा एकतीस निघाला. हिशेबातल्या बाई, त्यांनी तो वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

यातली मेख अशी, की प्रत्येक वेळी सुटका होते, आणि ती सुटकाच घात करते. 'पाच पन्नास' दिसल्यावर जो जीव भांड्यात पडतो, त्यातून मेंदू एकच शिकतो: धोका होता, पाहिलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी पाहणं सोडायची त्याची हिंमत होत नाही.

तिसऱ्या भेटीत वडिलांचा विषय निघाला. सोळा वर्षांपूर्वी ते अचानक गेले, तेव्हा बाई मैत्रिणींबरोबर सहलीला होत्या. फोन बॅगेत, या हसण्याखिदळण्यात. "तेव्हापासून मी निर्धास्त झालेच नाही. झाले की काहीतरी होतं." म्हणजे काळजी हा त्यांच्या लेखी विम्याचा हप्ता होता. रोज भरायचा, आणि रात्री कुणालाच काही झालेलं नसलं की तो दिवस त्या हप्त्याच्या खात्यावर जमा करायचा. मी त्यांना एवढंच विचारलं, "अशी नोंद तुमच्या ऑफिसात कुणी केली तर तुम्ही सही कराल?" त्या बराच वेळ गप्प होत्या.

इथे मी एक चूक केली. आकडे आवडणारी व्यक्ती आहे, तर आकडेच द्यावेत असं वाटलं. 2020 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सतत काळजीचा विकार असलेल्या 29 जणांनी आपापल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढचा महिनाभर त्या खऱ्या होतात का ते पाहिलं. 91 टक्क्यांहून जास्त काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि उरलेल्या?"

बरोबरच होतं त्यांचं. काळजीला शंभर टक्के लागतात. त्याखालचा कुठलाही आकडा तिला पुरत नाही, आणि शंभर टक्के तर कुणाकडेच नसतात. मानसशास्त्रज्ञ मिशेल ड्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात कॅनडात यावर बरंच काम केलं. अशा माणसाला वाईट गोष्टीपेक्षाही 'माहीत नाही' हे सोसत नाही, असं त्यांनी मांडलं. मला वाटतं, भविष्याच्या भीतीतला मोठा हिस्सा भविष्याचा नसतोच, तो या न सोसण्याचा असतो.

माझी दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. दर भेटीच्या शेवटी, दाराशी, त्या विचारायच्या, "मी होईन ना बरी?" आणि मी म्हणायचे, "होणार हो, नक्की." पाचव्या वेळी माझ्या ध्यानात आलं, की मीच त्यांचं 'लास्ट सीन' झाले आहे.

पुढच्या वेळी मी म्हटलं, "माहीत नाही. पण आपण काम करतोय." चेहरा पडला त्यांचा. पण उपचार खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले असं मी धरते.

काम दिसायला साधं होतं. उठल्यावर आईचं लास्ट सीन नऊ वाजेपर्यंत पाहायचं नाही. मन दुसरीकडे वळवायचं नाही, श्वास मोजत बसायचं नाही. (श्वसनाचे प्रकार मी अनेकांना शिकवते, पण त्यांच्या हातात तेही 'आता ठीक आहे ना' हे तपासायचं साधन झालं असतं.) 'आई बरी असेल, नसेल, आत्ता मला माहीत नाही' असं स्वतःशी म्हणायचं आणि भीतीला दहापैकी किती गुण, ते दर दहा मिनिटांनी लिहायचं.

पहिल्या दिवशी वहीत होतं: 8, 9, 9, 7, 7, 4. पुढे बारीक अक्षरात, 'काही केलं नाही तरी उतरली.' दुसऱ्या दिवशी त्यांनी साडेसहालाच फोन पाहिला. तिसऱ्या दिवशीही. मग सलग चार दिवस नाही. असंच चाललं, दोन पावलं पुढे, एक मागे. नवऱ्यालाही एकदा बोलावून घेतलं. "अगं काही नाही होणार" हे वाक्य त्यांनी दोन महिने वापरायचं नाही असं ठरलं. त्यांना ते बायकोपेक्षा जड गेलं.

सगळ्यांना हे लागू नाही. नोकरी खरोखरच जायची वेळ आलेली असते, आजार समोर उभा असतो; तिथे भीती रास्त आहे, आणि बसून पुढची तजवीज करणं हाच उपाय. सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस काळजी आवरत नसेल, झोप आणि काम दोन्ही बिघडलं असेल, तर तज्ज्ञांकडे जावं. काहींना औषध लागतं, त्यात कमीपणा नाही. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं, भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबू नये.

चौथ्या महिन्यात त्या आल्या त्या हसतच. आदल्या रविवारी आईचा फोन बंद पडला होता. यांनी नऊपर्यंत पाहिलंच नाही, आणि नऊनंतर घरकामात विसरून गेल्या. विसरल्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अकराला शेजारणीच्या फोनवरून आईचाच फोन. फोन बिघडलाय एवढं सांगायला. मग यांनी धीर करून आईला सगळं सांगितलं: लास्ट सीन, वही, गुण, सगळं.

"मग काय म्हणाल्या आई?"

"म्हणाली, मला का आवडायचं गं उठल्या उठल्या ते व्हॉट्सॲप उघडायला? तू घाबरशील म्हणून चष्मा शोधून, आधी ते करायचे, मग चूळ भरायचे."