वावधनात पडलेला बगीचा: फोटो आधी, दोर नंतर

प्रश्न (काटोल तालुक्यातून): परवा संध्याकाळी वावधन आलं. भोवऱ्यासारखा वारा अडीच एकरांच्या संत्रा बगीच्यातून जेमतेम तीस पावलांचा पट्टा घेऊन गेला. ४० झाडं उपटली, २२ कलंडली. शेजारच्या वावरात काहीच नाही. पंचनाम्यात माझं नुकसान धरतील का? तोवर झाडं तशीच ठेवू का?

उत्तर: भाऊ, कलंडलेली झाडं पंचनाम्याची वाट पाहत ठेवू नका. मे महिन्याच्या उन्हात उघडी मुळं दोन दिवसांत वाळतात. आज पहाटेच ओल्या पोत्यांनी झाका.

पण हात लावण्याआधी प्रत्येक झाडाला खडूने नंबर टाका आणि तारीख-ठिकाण दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढा. एक फोटो असा हवा की धुरा (बांध) आणि शेजाऱ्याचं उभं पीकही दिसेल. शेजारचं शाबूत वावर तुमच्या विरोधातला पुरावा नाही, उलट अशा वाऱ्याची ती खूणच आहे. साध्या वादळात झाडं बहुतेक एकाच दिशेला पडतात, भोवऱ्यात ती एकमेकांकडे तोंड करून, पिळवटून पडतात. म्हणून कोणतं झाड कुठे तोंड करून पडलं, ते वहीत बाणाने दाखवा. अशा वाऱ्याचा वेग यंत्रात क्वचितच सापडतो. तो पडझडीवरूनच ठरवतात, वादळांचे अभ्यासक फुजितांनी १९७१ साली मांडलेली मोजपट्टीही त्यावरच उभी आहे. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर त्या संध्याकाळी काहीच नोंद नसेल, तर नवल नाही.

आता खरी मेख. सरकारी मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के लागतं. ६ बाय ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडं बसतात, आणि तुमचे अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर. तुमची ६२ झाडं पूर्ण बगीच्यावर पसरवली तर नुकसान २२ टक्केच निघतं. म्हणून पट्टा टेपने मोजून घ्या. ६२ झाडांची जागा साधारण २२ गुंठे होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक आले की बाधित क्षेत्र म्हणून तेवढंच वेगळं लिहिण्याचा आग्रह धरा, आणि सही करण्याआधी आकडा वाचा. सरपंच किंवा पोलीस पाटलांना मोजणीला उभं करा. उपटलेली खोडं सध्या धुऱ्यावर रचा, विकू नका.

फळपीक विमा असेल तर पावतीवर कोणते धोके आहेत ते पाहा. तो हवामानाच्या नोंदीवर चालतो. गारा पडल्या असतील आणि गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल, तर ७२ तासांत कळवावं लागतं. परवाचा दिवस धरला तर वेळ थोडाच उरला आहे.

कलंडलेल्या झाडांचं असं करा: फांद्यांचा सुमारे तिसरा भाग छाटा, तुटकी मुळं धारदार कात्रीने साफ कापा, जमीन ओली असतानाच दोराने हळूहळू सरळ करा. एका झटक्यात ओढलं तर राहिलेली मुळंही तुटतात. माती दाबा, दोन बाजूंनी बांबू द्या, हलकं पाणी सोडा. कापांवर आणि खोडावर दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. जखमेतून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) शिरतो, आणि वाऱ्यातून वाचलेलं झाड पुढच्या वर्षी त्यानेच जातं. गळलेली आंबिया बहाराची फळं गोळा करून पुरा.

अर्ध्याहून जास्त मुळं तुटलेल्या झाडावर पैसा घालू नका, मी तरी घालणार नाही. ते खड्डे आत्ताच उघडून उन्हात तापू द्या, जुलैत तिथे नवी कलमं लावता येतील.