कमी खर्चात सामानासाठी गॅरेज: विटांचं की पत्र्याचं?

फक्त सामानच ठेवायचं असेल आणि पैसे बेताचे असतील, तर विटांच्या भिंतींच्या भानगडीत पडू नका; लोखंडी सांगाडा आणि पत्रा घ्या. सांगाडा हलका, म्हणून सलग पाया खणावा लागत नाही, खांबांखाली काँक्रीट पुरतं. पण हाच हलकेपणा वादळात घात करतो. खांब अँकर बोल्टने, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतवलेल्या बोल्टने, पक्के जखडा, तिथे काटकसर अजिबात नको.

दुसरा त्रास पत्र्याच्या घामाचा. रात्री पत्रा थंड पडला की आतल्या हवेतली वाफ त्याला खालून चिकटते आणि थेंब सामानावर टपकतात. छप्पर गळतंय असं वाटतं, पण दोष कोंदट हवेचा असतो. म्हणून समोरासमोर झरोके ठेवाच. जमलं तर पत्र्याखाली इन्सुलेशनही, म्हणजे उष्णता अडवणारा थर. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 15 सेंटीमीटर तरी उंच घ्या. वाळवी असेल तिथे लाकडी सांगाडा नको.