आरोग्य प्रश्नोत्तरे : एमआरआय नॉर्मल, मग पाठीतलं पाणी कशाला?

प्रश्न : माझी बहीण २७ वर्षांची, वजन ८४ किलो. तीन महिने डोकं दुखतंय. वाकून उठली की काही सेकंद अंधारी येते, कानात नाडीच्या ठोक्यांसारखा आवाज येतो. नेत्रतज्ज्ञ म्हणाले, नसेला सूज आहे. एमआरआयमध्ये गाठ नाही. आता पाठीतलं पाणी काढायला सांगितलंय. त्याने कंबर कायमची धरते म्हणतात. नुसत्या गोळ्यांवर भागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तपासणी टाळू नका. गाठ नसताना कवटीतल्या पाण्याचा दाब वाढण्याचा आजार (इंग्रजीत आयआयएच) आहे का, हे पाठीतून दाब मोजून पाहायचंय. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एका वेळी साधारण १५० मिली पाणी असतं, पण दिवसभरात ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं आणि तेवढंच शिरांमध्ये जिरतं. जिरणं मंदावलं की दाब चढतो, कारण कवटीला फुगायला वाव नाही. दृष्टीच्या नसेभोवतीही हेच पाणी असतं, म्हणून तिला सूज येते. या आजारात खरी धास्ती नजरेची. आधी कडेचं दिसणं जातं आणि ते रुग्णाच्या ध्यानातही येत नाही. तरीही डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ती घडाघडा वाचेल. म्हणून फील्ड टेस्ट (कडेचं किती दिसतं याची तपासणी) ठरल्या वेळी व्हायलाच हवी.

पाणी काढण्याआधी एमआरव्ही (मेंदूतल्या शिरांचा एमआरआय) झालाय ना, हे विचारा. शिरेत गुठळी असली तरी हीच लक्षणं दिसतात आणि उपचार मात्र निराळे. गर्भनिरोधक गोळ्या किंवा नुकतंच बाळंतपण असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर तेही सांगा. या औषधांनीही दाब वाढतो.

आता सुईची भीती. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्या खाली जाते. कुशीवर झोपवून करतात. दाब मोजताना पाय सैल सोडायचे. गुडघे पोटाशी आवळलेले राहिले तर आकडा उगाच वर जातो. दाब २५ सेंटिमीटरच्या (नळीत पाणी किती उंच चढतं त्याच्या) वर असेल तर निदान पक्कं व्हायला मदत होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगा. नंतर काही दिवस उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, असं होऊ शकतं. टोचलेली जागाही थोडी दुखते. कंबर कायमची धरणं ही ऐकीव गोष्ट.

मात्र पाणी काढलं म्हणजे आजार गेला असं नाही. काढलेलं २०-३० मिली दीड तासात पुन्हा भरतं. उपचार म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड (हे पाणी कमी तयार व्हावं म्हणूनची गोळी) आणि वजन उतरवणं. गोळीने बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तरीही. पाच ते आठ किलो उतरले तरी फरक पडतो. नजर झपाट्याने घसरत असेल तर मात्र गोळ्यांवर थांबत नाहीत, शस्त्रक्रिया करतात.

प्रश्न : डोक्यातलं प्रेशर म्हणजे बीपीच ना? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. बीपी हाताला पट्टा बांधून कळतं, हा दाब तसा कळत नाही. पण डोक्याला मार लागूनही हा दाब चढू शकतो. मार लागल्यावर माणूस पेंगू लागला, वारंवार उलटी झाली, एक बाहुली मोठी दिसली, तर लगेच सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. अशा वेळी बीपी चढलेलं आणि नाडी मंद सापडते. घरातली बीपीची गोळी देऊ नका. दाबाखालच्या मेंदूला रक्त पोचावं म्हणूनच शरीराने बीपी चढवलेलं असतं.